पिसारोची मेंढपाळीण आणि मुदतीचा कायदा

कामीय पिसारो या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने १८८६ साली मेंढरे घेऊन घरी परतणाऱ्या मेंढपाळ मुलीचे एक लहानसे तैलचित्र काढले आणि पुढच्याच वर्षी मटारच्या शेंगा तोडणाऱ्या शेतकऱ्यांचे एक चित्र ग्वाश या अपारदर्शक जलरंगांत केले. ही दोन्ही चित्रे पुढे फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांच्या संग्रहात गेली, दुसऱ्या महायुद्धात मालक ज्यू आहेत एवढ्याच कारणासाठी ती हिरावून घेण्यात आली, युद्धानंतर बाजारात हातोहात फिरत ती अमेरिकेत पोहोचली आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूळ मालकांच्या वारसांना त्यांचा पत्ता लागला. येथपर्यंत दोन्हींची हकीकत जवळपास सारखी आहे. त्यानंतर मात्र मटार तोडणीचे चित्र फ्रेंच न्यायालयाने वारसांच्या हाती दिले, आणि मेंढपाळणीचे चित्र आज ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाच्या मालकीचे आहे. लुटीचा पुरावा एका चित्राबाबत भक्कम आणि दुसऱ्याबाबत लेचापेचा होता, असे मुळीच नाही. दोन्ही चित्रे लुटली गेली याबद्दल वाद घालावा असे फारसे काही उरलेलेच नव्हते. चित्र कोणत्या वर्षी कोणत्या देशाच्या न्यायालयासमोर आले, यावर सारे ठरले. जेथे लूट कागदोपत्री सिद्ध आहे तेथे ‘फार उशीर झाला’ हा बचाव कोणत्याही न्यायालयाने ऐकूनच घेऊ नये, आणि चित्र परत गेल्यामुळे होणारे नुकसान वारसाने किंवा शेवटच्या खरेदीदाराने न सोसता ज्यांनी त्या व्यवहारांतून दलाली मिळवली त्यांनी सोसावे, असे माझे मत आहे.

या चित्रांना कोट्यवधींची किंमत का येते आणि ती लुटावीशी का वाटतात, हे समजण्यासाठी चित्रकाराकडे थोडे वळावे लागते. पिसारोचा जन्म १८३० साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस या त्या वेळच्या डॅनिश बेटावर एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. १८५५ साली तो फ्रान्सला आला आणि १८७४ ते १८८६ या काळात इम्प्रेशनिस्टांची जी आठ प्रदर्शने भरली त्या आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा तो एकटाच. त्याच्या सहकाऱ्यांना रेल्वे स्थानके, नाट्यगृहे, नदीकाठच्या सहली आवडत. पिसारोला भाजीचा मळा, बाजारहाट, गवताची कापणी, गुरे राखणाऱ्या पोरी आवडत. १८८४ पासून तो एप्त नदीकाठच्या एरान्यी या खेड्यात राहिला आणि ते राहते घर विकत घेण्यासाठी १८९२ साली त्याला क्लोद मोनेकडून कर्ज घ्यावे लागले. शेतकरी स्त्रिया काढल्या की समीक्षक लगेच मिले या जुन्या चित्रकाराचे नाव घेत आणि पिसारो वैतागे. एका पत्रात त्याने लिहिले आहे की, मिलेचे नाव सगळे माझ्या तोंडावर फेकतात, पण मिले तर बायबली वृत्तीचा. मी ज्यू असूनही माझ्यात ते बायबलीपण फारसे नाही. हे विनोदाने म्हटलेले असले तरी मर्म पकडणारे आहे. मिलेची शेतमजूर स्त्री कष्टाची मूर्ती होऊन उभी राहते, तर पिसारोची शेतकरीण वाकून शेंग तोडते आणि तिच्या कामाला कोणताही मोठा अर्थ चिकटवलेला नसतो. सामान्य दिवसाला त्याने आहे तेवढेच महत्त्व दिले.

१८८६ आणि १८८७ ही वर्षे त्याच्यासाठी आर्थिकदृष्ट्या कठीण होती. जॉर्ज सरा आणि पोल सिन्याक या तरुण चित्रकारांच्या प्रभावाखाली तो ठिपक्याठिपक्यांनी रंग लावू लागला होता. या पद्धतीने एक तैलचित्र पुरे व्हायला फार वेळ लागे आणि त्याचा नेहमीचा विक्रेता द्युराँ-र्‍युएल या नव्या शैलीवर नाराज होता. ग्वाशची चित्रे त्या मानाने लवकर होत आणि लवकर विकली जात, म्हणून घरखर्चासाठी तो ती करत राहिला. मटार तोडणीच्या चित्राकडे या अंगानेही पाहिले पाहिजे. आणखी एक तपशील येथे नोंदवण्याजोगा आहे. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात पिसारो लंडनला निघून गेला असताना त्याचे लूव्हसिएनचे घर प्रशियन सैनिकांनी ताब्यात घेतले आणि त्याची चित्रे बागेतल्या चिखलात पायाखाली अंथरली. त्याच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पंधराशे चित्रांपैकी चाळीसेकच वाचली. त्या सैनिकांच्या लेखी त्या कॅनव्हासची किंमत शून्य होती. सत्तर वर्षांनी आलेल्या जर्मनांना मात्र ती नेमकी माहीत होती. इम्प्रेशनिस्ट चित्रे नाझींच्या अभिरुचीत बसत नसत, पण स्विस बाजारात त्यांना मागणी होती, आणि लुटीतली अशी चित्रे देऊन त्या बदल्यात जुन्या काळातल्या थोर चित्रकारांची चित्रे मिळवण्याचे व्यवहार पॅरिसमध्ये पद्धतशीर चालत होते.

मटार तोडणीचे चित्र सिमोन बावर या ज्यू उद्योजकाचे होते. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीच्या ज्यूविषयक आयुक्तालयाने १९४३ साली त्याचा ९३ कलाकृतींचा संग्रह जप्त करून विकून टाकला. म्हणजे हे काम जर्मन सैनिकांनी दार फोडून केलेले नव्हते. फ्रेंच कारकुनांनी फ्रेंच कायद्याखाली, फ्रेंच चित्रविक्रेत्याला व्यवस्थापक नेमून, पावत्या फाडून केले होते. बावर स्वतः १९४४च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या द्रान्सी येथील, ज्यूंना पुढे मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवण्यासाठी डांबून ठेवण्याच्या छावणीत होता आणि रेल्वे चालकांच्या संपामुळे तिकडे जाण्यापासून वाचला. मुक्तीनंतर फ्रान्सने २१ एप्रिल १९४५ रोजी एक अध्यादेश काढला. त्याने अशा जप्त्या मुळातच रद्दबातल ठरवल्या आणि जप्तीनंतरच्या सर्व खरेदीदारांना, त्यांचा हेतू काहीही असो, मूळ मालकाच्या तुलनेत अप्रामाणिक ताबेदार मानले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बावरला न्यायालयाकडून तसा निकालही मिळाला. चित्रे मात्र मोजकीच परत आली आणि १९४७ साली तो वारला. हे चित्र १९६६ साली लंडनच्या सोथबीज लिलावगृहात विकले गेले आणि १९९५ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावगृहात ब्रूस आणि रॉबी टॉल या अमेरिकी दांपत्याने ते सुमारे ८ लाख डॉलरला घेतले. २०१७ साली पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाने पिसारोचे प्रदर्शन भरवले तेव्हा टॉल दांपत्याने ते मोठ्या मनाने उसने दिले, आणि बावरच्या वारसांनी ते तेथे ओळखले.

पुढचा प्रवास सरळ होता. न्यायालयाने चित्र देशाबाहेर जाऊ दिले नाही, नोव्हेंबर २०१७ मध्ये ते वारसांना द्यावे असा निकाल दिला, २०१८ साली अपील न्यायालयाने तो कायम केला आणि १ जुलै २०२० रोजी कूर द कासासियाँ या फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या खरेदीदारांनी प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी रद्दबातल व्यवहारातून कोणालाच मालकी मिळत नाही. त्यांना आपल्या विक्रेत्याकडे दाद मागता येईल, असा त्या निकालाचा गाभा आहे.

मेंढपाळणीच्या चित्राचा मालक राऊल मेयर हा गॅलरी लाफायेत या प्रसिद्ध पॅरिसच्या दुकानाच्या संस्थापक कुटुंबाचा जावई. त्याने चित्रे दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या एका बँकेच्या तिजोरीत सुरक्षित ठेवली होती. तेथून नाझींनी ती १९४१ साली नेली. युद्ध संपल्यावर तो हातावर हात ठेवून बसला नाही. चित्र स्वित्झर्लंडमध्ये एका विक्रेत्याकडे आहे हे त्याने शोधून काढले आणि तेथे दावा लावला. १९५३ साली स्विस न्यायालयाने तो फेटाळला, कारण चोरीचा माल प्रामाणिक खरेदीदाराकडून परत मागण्याची पाच वर्षांची मुदत उलटली होती आणि विक्रेत्याचा हेतू वाईट होता हे मेयरला सिद्ध करता आले नाही. युद्धलुटीच्या मालासाठी स्वित्झर्लंडने खास आदेश काढला होता खरा, पण त्याखाली अर्ज करण्याची मुदत १९४७ अखेरच संपलेली होती. त्यानंतर चित्र न्यूयॉर्कच्या एका दालनातून ओक्लाहोमाच्या वाइट्झेनहोफर कुटुंबाने विकत घेतले आणि क्लारा वाइट्झेनहोफर यांच्या मृत्युपत्राद्वारे २००० साली ते ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संग्रहालयाला मिळाले. राऊल मेयरची दत्तक मुलगी लेओन मेयर हिच्या जन्मदात्या कुटुंबातली माणसे ऑशविट्झमध्ये मारली गेली होती. तिला २०१२ साली चित्राचा ठावठिकाणा लागला. तिचा अमेरिकेतला दावा आधी न्यूयॉर्कमध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अडला, मग ओक्लाहोमाला गेला आणि २०१६ साली तडजोडीत संपला.

आता मुदतीच्या कायद्याचा विचार करू, कारण खरा पेच तेथे आहे. दाव्याला मुदत असावी यामागे शहाणपण आहे. काळ लोटला की साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, आठवणी एकमेकींत मिसळतात. न्यायाधीशाला खरे-खोटे करणे अशक्य होते. व्यापारालाही कोठेतरी थांबा हवा असतो, नाहीतर कोणत्याही वस्तूची मालकी कधीच पक्की होणार नाही. नेहमीच्या चोरीच्या बाबतीत हे सगळे मान्य करावे लागेल. पण नाझींची आणि व्हिशीची लूट ही कारकुनी लूट होती. लुटणाऱ्यांनी स्वतः याद्या केल्या, क्रमांक दिले, छायाचित्रे काढली, मालकाचे नाव लिहून ठेवले. पॅरिसच्या झ्यू द पोम इमारतीत लुटीचा माल जमा होत असताना तेथे काम करणाऱ्या रोझ व्हालाँ या फ्रेंच स्त्रीने जिवावर उदार होऊन गुपचूप नोंदी ठेवल्या. या साऱ्या नोंदी बराच काळ दप्तरांत बंद होत्या. शीतयुद्ध संपल्यावर अभिलेखागारे उघडली, नंतर सूच्या संगणकावर आल्या आणि संग्रहालयांनी आपापले संग्रह संकेतस्थळांवर मांडले. १९५३ साली राऊल मेयरला जे सिद्ध करता आले नाही त्यातले बरेचसे आज एखादा संशोधक विद्यार्थी काही महिन्यांत गोळा करू शकेल. म्हणजे या एका प्रकारच्या खटल्यांत काळ जाईल तसा पुरावा कुजत नाही, उलट सुधारतो. ज्या गृहीतकावर मुदतीचा कायदा उभा आहे ते गृहीतकच येथे उलटे चालते. तरीही केवळ इतर ठिकाणी चालतो म्हणून तोच नियम येथे लावणे हा आळस आहे, आणि दुर्दैवाने हा आळस लुटलेला माल ताब्यात असणाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

भारतीय वाचकाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा आहे की, विक्रेत्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क खरेदीदाराला मिळत नाही. आणि १९६३ च्या मुदत कायद्यात चोरीला गेलेली विशिष्ट जंगम वस्तू परत मागण्याची तीन वर्षांची मुदत, ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला कळते तेव्हापासून मोजली जाते. मालकाला पत्ताच नसेल तर घड्याळ सुरू होत नाही. अमेरिकेने युद्धलुटीतल्या कलाकृतींसाठी २०१६ साली केलेला कायदाही याच वाटेने जातो: प्रत्यक्ष शोध लागल्यापासून सहा वर्षे. पण तेथेही पळवाट राहिली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय अपील न्यायालयाने मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका पिकासोवरचा दावा, वारसांनी अवास्तव विलंब लावला, या जुन्या न्यायतत्त्वावर फेटाळला. मुदत पुढच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने परत आली. स्पेनमध्ये तर गोष्ट आणखी सोपी आहे. तेथे जंगम वस्तू सहा वर्षे उघडपणे ताब्यात ठेवली की मालकी मिळू शकते, आणि याच आधारावर पिसारोचेच पॅरिसच्या पावसाळी रस्त्याचे एक चित्र माद्रिदच्या संग्रहालयाने वीस वर्षांहून अधिक काळ कासिरर कुटुंबाशी लढत आपल्याकडे राखले आहे. ते चित्र लिली कासिररने १९३९ साली जर्मनीतून बाहेर पडण्याच्या परवान्यासाठी नाममात्र किमतीला दिले होते, आणि ती किंमतही तिला वापरता न येणाऱ्या खात्यात जमा झाली. हे सगळे संग्रहालयालाही मान्य आहे. कॅलिफोर्नियाने त्यासाठी २०२४ साली नवा कायदा केल्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली खालचा निकाल बाजूला ठेवून खटला पुन्हा ऐकायला पाठवला. पहिला दावा २००५ सालचा आहे.

मेयर आणि ओक्लाहोमा विद्यापीठ यांच्यातली तडजोड त्या वेळी आदर्श म्हणून नावाजली गेली. चित्राची मालकी लेओन मेयरची आहे असे विद्यापीठाने मान्य केले. चित्र आधी पाच वर्षे पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात राहील आणि पुढे दर तीन वर्षांनी फ्रान्स आणि ओक्लाहोमा यांच्यात आलटून पालटून फिरेल असे ठरले. मेयरने ते विकायचे नाही आणि आपल्या हयातीत एखाद्या फ्रेंच संस्थेला दान करायचे, अशी अट घातली गेली. वाचायला हे फार समंजस वाटते. पण मालकाला वस्तू घरी ठेवता येत नाही, विकता येत नाही, आणि कोणाला द्यायची हेही ठरलेले, तर त्या मालकीत उरते काय? शिवाय समुद्रापार कायम फिरत राहणाऱ्या चित्राचे दान कोणते संग्रहालय स्वीकारणार? ऑर्सेने सततच्या वाहतुकीचा खर्च आणि धोका पाहून नकारच दिला. २०२० साली मेयरने चित्र फ्रान्समध्येच राहावे म्हणून पॅरिसच्या न्यायालयात धाव घेतली, तर ओक्लाहोमाच्या न्यायाधीशांनी करारभंगाबद्दल दंडाचा इशारा दिला, आणि जून २०२१ मध्ये तिने थकून मालकीच विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली.

येथे न्यायाधीशांना दोष देता येत नाही हे कबूल केले पाहिजे. करार वकिलांच्या सल्ल्याने, स्वेच्छेने झालेला होता आणि तो पाळला जावा असा आग्रह धरणे हे न्यायालयाचे कामच आहे. फ्रान्समध्येही तिचा दावा याच करारामुळे दुबळा झाला. प्रश्न त्या सहीच्या आधीचा आहे. स्विस न्यायालयाने तिच्या वडिलांना एकदा परत पाठवले होते, अमेरिकेतले अधिकारक्षेत्र अनिश्चित होते, वय वाढत होते. अशा माणसासमोर अर्धवट हक्काचा कागद ठेवला तर तो सही करील यात नवल नाही. तडजोड ही दोन समान बाजूंत झाली तर तिला न्याय म्हणता येते. एका बाजूला राज्य सरकारचे विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला सत्तरी ओलांडलेली एक स्त्री असताना त्या फिरत्या प्रदर्शनाला न्याय्य तोडगा म्हणणे मला मान्य नाही. १९९८ साली वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी मान्य केलेल्या तत्त्वांत ‘न्याय्य आणि योग्य तोडगा’ असे शब्द आहेत, आणि ती तत्त्वे कोणावरही कायद्याने बंधनकारक नाहीत. त्या सैलपणाचा फायदा बहुधा ताबेदाराला होतो.

संग्रहालयांचा एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा लागतो. संग्रहालयातले चित्र हजारो लोक पाहतात, शाळेची मुले पाहतात; वारसांना परत दिले की बरेचदा ते लिलावात जाते आणि एखाद्या धनिकाच्या भिंतीवर कायमचे नाहीसे होते. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. नेदरलँड्सने हा विचार थेट नियमातच घातला होता: तेथील परतावा समिती दावेदाराचे हित आणि संग्रहालयाचे हित तराजूत घालून पाहत असे. अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातल्या कांडिन्स्कीच्या एका चित्राबाबत २०१८ साली या तराजूचे पारडे संग्रहालयाकडे झुकले, आणि त्यावर इतकी टीका झाली की पुढे नियम बदलावा लागला व शहराने ते चित्र वारसांना परत दिले. टीका योग्यच होती. सार्वजनिक हितासाठी खासगी मालमत्ता घ्यायची असेल तर त्याचा सरळ मार्ग लोकशाहीत उपलब्ध आहे, तो म्हणजे वाजवी किंमत देऊन विकत घेणे. लुटीचा माल आयता हाती आहे म्हणून त्यालाच लोकहित म्हणायचे, ही सोय झाली.

याच अंगाने आणखी एक आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: हे वारस काही गरीब नाहीत, गॅलरी लाफायेतच्या घराण्याला एक पिसारो परत मिळाला काय आणि न मिळाला काय, जगात काय बिघडते? चित्रकाराच्या राजकारणाचा दाखला देऊन हा आक्षेप धारदारही करता येतो. पिसारो अराजकवादी होता, खासगी संपत्तीबद्दल त्याला प्रेम नव्हते, आणि १८८९ साली त्याने भांडवलशाहीची कुरूपता दाखवणारी चित्रमालिका आपल्या भाच्यांसाठी काढली होती. मग त्याच्या शेतकऱ्यांची चित्रे धनिकांच्या मालकीहक्कासाठी लढवावीत, यात विसंगती नाही का? मला वाटते, आक्षेप घेणारा येथे संपत्तीचा प्रश्न आणि नागरिकत्वाचा प्रश्न यांची गल्लत करतो. व्हिशी सरकारने श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना वाटले नव्हते. त्याने ऑक्टोबर १९४० पासून एकामागून एक फर्माने काढून नागरिकांच्या एका गटाला नोकरी, व्यवसाय आणि शेवटी मालमत्ता बाळगण्याच्या हक्कातून वगळले. चित्रकार स्वतः त्या काळी जिवंत असता तर त्या यादीत तोही असता. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला त्या प्रकरणात देगा आणि रन्वार हे जुने मित्र त्याच्यापासून दूर झाले तेव्हा त्याची थोडी चव त्याने घेतलीच होती. बावरचे चित्र परत करणे म्हणजे एका श्रीमंत कुटुंबाच्या संपत्तीत भर घालणे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढेच पाहावे की त्याच खात्याने शिंप्यांसारख्या छोट्या व्यावसायिकांचा मालही जप्त केला होता. त्या मालाचा माग आता लागत नाही. चित्राचा लागतो, म्हणून खटला चित्राचा होतो.

आपल्याकडे साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ साली लंडनहून तीन वर्षांसाठी उसनी आलेली वाघनखे आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने लंडनच्या लिलावात विकत घेतलेली रघूजी भोसल्यांची तलवार यांच्या निमित्ताने ‘आपल्या वस्तू आपल्याला परत’ ही मागणी जोरात झाली. या मागणीत तथ्य असू शकते, पण युरोपातल्या या खटल्यांचे दाखले तिला जसेच्या तसे जोडू नयेत. युद्धातली लूट, राजाने दिलेली भेट, अधिकाऱ्याने विकत घेतलेली वस्तू या प्रत्येकीचा पुरावा वेगळा आणि दावेदारही वेगळा. बावर आणि मेयर यांच्या प्रकरणांत मालक एक, दिवस माहीत, कागद हजर. त्या नेमकेपणावरच त्यांचा न्याय उभा आहे, आणि भावनेच्या भरात तो नेमकेपणा सोडला तर आपलाच दावा कमजोर होईल.

उरतो तो टॉल दांपत्याचा प्रश्न, आणि माझ्या लेखी तो सर्वांत अवघड आहे. त्यांनी जगातल्या एका मान्यवर लिलावगृहातून, उघड बोलीत, पूर्ण किंमत मोजून चित्र घेतले. लपवून ठेवण्याऐवजी ते त्यांनी पॅरिसला पाठवले. व्हिशीच्या गुन्ह्याची भरपाई अमेरिकेतल्या खरेदीदाराने का करावी, हा त्यांच्या बाजूने मांडलेला मुद्दा पोकळ नाही. अशा निकालांमुळे खासगी संग्राहक परदेशी प्रदर्शनांना चित्रे देणे बंद करतील, अशीही भीती व्यक्त झाली. ज्याच्या चित्राची पूर्वमालकी स्वच्छ आहे त्याला घाबरण्याचे कारण नाही, हे त्यावरचे उत्तर अर्धेच आहे, कारण पूर्वमालकी स्वच्छ आहे की नाही हे खरेदीदाराला कळायचे कसे? ते ज्याला कळू शकत होते तो दुसराच कोणी होता. बावरच्या संग्रहाची जप्ती रद्दबातल ठरवणारा पॅरिसचा निकाल १९४५ सालचा; क्रिस्टीजची विक्री १९९५ सालची. पन्नास वर्षे तो निकाल न्यायालयाच्या दप्तरात होता.

लिलावगृह विक्रेत्याकडूनही दलाली घेते आणि खरेदीदाराकडूनही. विक्रेत्याचे नाव गुप्त ठेवते, पूर्वमालकीची यादी स्वतः तयार करते आणि त्या यादीच्या जोरावर बोली वर नेते. एवढे सगळे ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर मालकीच्या खरेपणाची जबाबदारी मात्र मर्यादित. फ्रेंच निकालाने खरेदीदाराला विक्रेत्याकडे दाद मागायला सांगितले, पण १९९५ सालचा विक्रेता, त्याच्या आधीचा विक्रेता आणि १९६६ चा खरेदीदार ही साखळी उलगडण्याची ताकद एकट्या संग्राहकाकडे नसते. ती लिलावगृहाच्या वह्यांत असते. फ्रान्सने जुलै २०२३ मध्ये सार्वजनिक संग्रहांतल्या लुटीच्या वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण कायदा केला आणि प्रत्येक चित्रासाठी संसदेत वेगळे विधेयक आणण्याची गरज संपवली. सरकारी संग्रहालयांपुरते ते ठीक झाले. खासगी बाजारासाठी पुढची पायरी अशी हवी की, १९३३ ते १९४५ या काळातली पूर्वमालकी कोरी असलेली युरोपीय कलाकृती विकणाऱ्या संस्थेने मालकीच्या दोषासाठी विक्रेत्याबरोबर स्वतःही कायम आणि मुदतीविना जबाबदार राहावे, आणि वारसाने दावा लावताच तिने त्या व्यवहाराच्या वह्या न्यायालयात हजर कराव्यात. तसे असते तर टॉल दांपत्याला बावरच्या नातवंडांविरुद्ध तीन वर्षे आणि तीन न्यायालये लढावे लागले नसते; त्यांनी चित्र परत देऊन आपले पैसे न्यूयॉर्कमध्ये, ज्यांनी ते घेतले होते त्यांच्याकडे, मागितले असते.